'सार्वकालिक जीवन' आणि 'अमत' : एक चिकित्सा

नाशिक आणि नगर या दोन जिल्ह्यांत अशी अनेक घराणी आहेत की ज्यांची एक शाखा बौद्ध आहे, तर दुसरी ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या वाटेने काही महार कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९५६ नंतर त्यांचेच भाऊबंद धम्माला शरण गेले. सुखदुःखाच्या प्रसंगी ही नातीगोती पुन्हा एकत्र येतात. एखाद्या ख्रिस्ती आप्ताच्या दफनविधीस आपला उपासक उभा राहतो, तेव्हा त्याच्या कानी 'सार्वकालिक जीवन' हे शब्द पडतात. उलट आपल्याकडील पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास आलेला ख्रिस्ती आप्त त्रिसरण-पंचशील ऐकतो, अनित्यतेची देशना ऐकतो आणि गप्प बसून राहतो. परतताना मात्र दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : हे लोक मृत्यूविषयी नेमके काय म्हणतात?

आम्हांस हा प्रश्न विहारातील वर्गात पुष्कळदा विचारला गेला आहे, आणि त्याची दोन तयार उत्तरेही आम्ही तितक्याच वेळा ऐकली आहेत. पहिले उत्तर असे की, त्यांचे सार्वकालिक जीवन आणि आपले निब्बाण ही एकाच गोष्टीची दोन नावे होत. दुसरे असे की, सार्वकालिक जीवन हे निव्वळ स्वर्गाचे आमिष असून त्याची अधिक चर्चा करण्याचे कारण नाही. पहिल्या उत्तरात सौजन्य आहे, दुसऱ्यात आवेश आहे. अभ्यास मात्र दोहोंतही नाही. प्रस्तुत लेखात या संकल्पनेची चिकित्सा करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

चिकित्सेची पद्धती आपणांस तथागतांनीच घालून दिलेली आहे. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात बासष्ट दृष्टींचा निर्देश येतो. त्यांतील प्रत्येक दृष्टी कोणत्या अनुभवातून व कोणत्या तर्कातून जन्मास येते, हे आधी सांगितले जाते आणि मग तिची मर्यादा दाखविली जाते. प्रतिपक्षाला 'होय, आमचे म्हणणे हेच आहे' असे वाटावे इतक्या प्रामाणिकपणे पूर्वपक्ष मांडावा, हा या सुत्ताचा धडा आहे. ख्रिस्ती मताविषयी लिहिताना आपल्या लेखकांनी तो नेहमीच पाळला आहे, असे म्हणवत नाही.

शब्दाचा अर्थ

मराठी बायबलमधील 'सार्वकालिक जीवन' हे ग्रीक भाषेतील 'झोए आयोनिओस' या पदाचे भाषांतर होय. 'झोए' म्हणजे जीवन. 'आयोनिओस' हे विशेषण 'आयोन' या नामापासून झाले असून 'आयोन' म्हणजे युग. येशूच्या काळातील यहुदी समाजात चालू युग आणि येणारे युग असा भेद रूढ होता. येणाऱ्या युगाला हिब्रू भाषेत 'ओलाम हब्बा' असे म्हणत. तेव्हा मूळ पदाचा एक अर्थ 'येणाऱ्या युगाचे जीवन' असा होतो. केवळ कधीही न संपणारे एवढाच अर्थ त्यात नाही, तर देवाच्या न्याय्य राज्यात जगले जाईल तशा प्रतीचे जीवन, हाही अर्थ आहे. मराठीतील 'सार्वकालिक' हा शब्द काळाची लांबी दाखवितो. जीवनाची प्रत त्यात झाकली जाते. मराठी वाचकाचा निम्मा गैरसमज या भाषांतरातूनच उद्भवतो, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना यहुदी परंपरेत पहिल्यापासून नव्हती. जुन्या करारातील प्राचीन भागांत मृतांचे स्थान म्हणजे 'शओल' नावाची एक अंधारी, निस्तेज जागा. तेथे ना सुख, ना न्याय. मृतांपैकी काही सार्वकालिक जीवनासाठी उठतील, असा स्पष्ट उल्लेख दानीएलच्या ग्रंथात बाराव्या अध्यायात येतो. आणि हा ग्रंथ त्याच्या आजच्या रूपात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अंतियोख एपिफानेस या राजाच्या छळाच्या काळात तयार झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. धर्मनिष्ठेसाठी ज्यांना ठार मारण्यात आले, त्यांना न्याय कोठे मिळणार? मारणारा राजा सिंहासनावर आणि मारलेला मातीत, हाच जर अखेरचा हिशेब असेल, तर सदाचाराला अर्थ काय? या प्रश्नाच्या पोटी ती आशा जन्मली. म्हणजे सार्वकालिक जीवनाच्या मुळाशी केवळ जगण्याची हाव नाही. तेथे अन्यायाने मारल्या गेलेल्यांचा आक्रोशही आहे. हे ज्याने ध्यानी घेतले नाही, त्याला या संकल्पनेवर टीका करण्याचा अधिकार पोहोचत नाही.

नव्या करारातही या पदाचा अर्थ एकसारखा नाही. मार्कच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत मनुष्य येशूला विचारतो की सार्वकालिक जीवनाचा वारसा मिळण्यासाठी काय करावे. त्याला आपली संपत्ती विकून गरिबांना वाटण्यास सांगितले जाते आणि तो खिन्न होऊन निघून जातो. येथे हे जीवन पुढे मिळावयाचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र श्रद्धा ठेवणारा आताच मरणातून जीवनात आलेला आहे, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात सार्वकालिक जीवनाची जवळजवळ व्याख्याच आली आहे : एका खऱ्या देवाला व त्याने पाठविलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणे, हेच ते जीवन. योहानाच्या नावे असलेल्या पहिल्या पत्रात तर बंधूंवरील प्रेम ही या जीवनाची खूण ठरविली असून द्वेष करणाऱ्याच्या ठायी ते नसते, असा निर्वाळा दिला आहे.

आत्मवाद नव्हे, पुनरुत्थान

येथे आपल्याकडील एका सार्वत्रिक चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. 'ख्रिस्ती लोक अमर आत्मा मानतात; बुद्धाने अनात्म शिकविला; म्हणून त्यांचे मत खोटे' असा सोपा युक्तिवाद आपल्या अनेक व्याख्यानांतून ऐकू येतो. परंतु नव्या करारातील मूळ आशा आत्म्याच्या अमरत्वाची नाही, मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पाहावा. तेथे मनुष्य स्वभावतः अमर आहे असे कोठेही म्हटलेले नाही. मनुष्य खरोखर मरतो, आणि देव त्याला नव्या रूपात, नव्या शरीरासह उठवितो, असे पौलाचे प्रतिपादन आहे. ऑस्कर कुलमान या प्रॉटेस्टंट विद्वानाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात हा भेद स्पष्टपणे मांडला : अमर आत्मा ही ग्रीक तत्त्वज्ञानाची, विशेषतः प्लेटोची देणगी आहे, पुनरुत्थान ही आदिम ख्रिस्ती श्रद्धा आहे. पुढे शतकानुशतके या दोन कल्पना चर्चच्या शिकवणुकीत एकत्र नांदल्या, आणि सामान्य ख्रिस्ती मनुष्याच्या मनात आज त्या मिसळून गेलेल्या आहेत, ही गोष्ट वेगळी.

म्हणून उपनिषदांतील आत्म्यावर जी टीका लागू पडते, ती जशीच्या तशी येथे लागू पडत नाही. उपनिषदांतील आत्मा स्वतःच्या स्वभावाने नित्य आहे. ख्रिस्ती मनुष्य देवाच्या देणगीने जगतो. विनासायास विजय मिळविण्यासाठी प्रतिपक्षाला दुसऱ्याच प्रतिपक्षाचे कपडे चढविणे, हे अभ्यासकाला शोभत नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती अनुभव

सिद्धान्ताचा अर्थ ग्रंथातच संपत नाही. तो ज्यांनी स्वीकारला त्यांच्या जीवनात पाहावा लागतो. नाशिक येथील शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसविली. हिंदी महासागरातील गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथील आश्रमात ठेवली जात. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. १ मे १८७३ रोजी मध्य आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांचे हृदय तेथील एका झाडाखाली पुरण्यात आले, आणि त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती नाशकात शिकलेल्या या वेनराइटने. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या अंत्यसंस्कारातही तो उपस्थित होता. ज्याचे गाव, कुळ आणि स्वातंत्र्य लहानपणीच हिरावून घेतले गेले, त्या तरुणाने दुसऱ्याच्या प्रेतापाशी पुनरुत्थानाची आशा वाचून दाखविली. कोणीही लुटून नेऊ शकणार नाही असे एक जीवन आहे, हे शब्द गुलामगिरीतून सुटलेल्याच्या कानी कसे पडले असतील, याचा विचार आपण केला पाहिजे. आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांनी मिशनचा उंबरठा ओलांडला, त्यांचीही अवस्था फार निराळी नव्हती.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी त्यांचा जन्म झाला आणि १९३६ साली नाशकातच त्या निवर्तल्या. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळातील त्यांच्या मनाची हकीकत 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आली आहे. आमच्या दृष्टीने त्यातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे जातिभेदाचा त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केलेला निवाडा. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात. ती देवाची करणी असती तर माणसामाणसांच्या शरीरांत तशी खूण दिसली असती, असा विचार करतात. आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करतात. एका कर्मठ ब्राह्मण घरातील स्त्रीचा हा प्रवास मरणोत्तर जीवनाच्या लोभाने झालेला नाही. तो पाण्याच्या भांड्यापासून झाला. ज्या समाजाला पाण्यासाठी महाडचा संग्राम करावा लागला, त्याला या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

या दोन उदाहरणांवरून आम्हांस असे दिसते की, महाराष्ट्रात सार्वकालिक जीवनाचा जो अर्थ माणसांना प्रत्यक्ष जाणवला, तो परलोकापेक्षा इहलोकीच्या प्रतिष्ठेचा होता. योहानाने म्हटलेले 'आताच' हेच येथे खरे ठरले. ख्रिस्ती मताची ही सर्वांत बलवान बाजू होय, आणि ती मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

बौद्ध दृष्टीने आक्षेप

पहिला आक्षेप व्याख्येविषयीच आहे. योहानाच्या मते सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला व ख्रिस्ताला ओळखणे. संयुत्तनिकायातील मग्गसंयुत्तात एका भिक्खूने 'अमत' म्हणजे काय असे विचारले असता भगवंतांनी दिलेले उत्तर याच्याशी ताडून पाहावे. राग, द्वेष आणि मोह यांचा क्षय म्हणजे अमत, असे ते उत्तर आहे. एका व्याख्येत जीवन एका व्यक्तीशी जडणाऱ्या संबंधावर उभे आहे. दुसरीत मनातील तीन विकारांच्या अंतावर. 'अमत' हा शब्द वैदिक 'अमृत' या शब्दाचेच पाली रूप आहे. देवांचे पेय, देवांचे अमरत्व, हा त्याचा जुना अर्थ तथागतांनी टाकून दिला आणि शब्द ठेवला. 'अमत' म्हणजे न मरणारा कोणी नव्हे. ज्याला 'मी' आणि 'माझे' असे काही उरले नाही, त्याच्या ठायी मृत्यूला हिरावून नेण्यासारखेच काही नसते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून निब्बाण आणि सार्वकालिक जीवन एकच, हे सौजन्याचे उत्तर टिकत नाही. तेथे 'तू जगशील' असे आश्वासन आहे. येथे 'तू' म्हणजे कोण, हेच तपासण्याचा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप आधाराविषयी. जे जीवन श्रद्धेच्या क्षणी आरंभ पावते, ते हेतुप्रत्ययांनी उत्पन्न झाले. आणि जे उत्पन्न झाले ते निरोधधर्मी असते. ख्रिस्ती पंडित यावर म्हणेल की, ते जीवन स्वतःच्या बळावर टिकत नाही, देवाच्या कृपेवर टिकते. आणि देव कालातीत आहे. सहाव्या शतकातील बोएथियसने तर नित्यता म्हणजे लांबलचक काळ नव्हेच, अमर्याद जीवनाची एकसमयावच्छेदे परिपूर्ण प्राप्ती होय, असे प्रतिपादन केले. हे उत्तर सूक्ष्म आहे आणि ते टाळून चालणार नाही. मज्झिमनिकायातील बक ब्रह्मा आपले स्थान नित्य मानतो, पण तो संसाराच्या आतील देव आहे. ख्रिस्ती देव तसा नाही, हेही आम्ही मान्य करतो. परंतु मग सारा भार एकाच खांबावर येतो : असा देव आहे कशावरून? दीघनिकायातील तेविज्जसुत्तात ब्राह्मणांना विचारलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो : तुमच्यापैकी कोणी, तुमच्या आचार्यांपैकी कोणी त्याला पाहिले आहे काय? ख्रिस्ती मनुष्य म्हणेल, येशूच्या ठायी पाहिले. म्हणजे अखेरीस पुरावा म्हणून उरते ती एका व्यक्तीच्या पुनरुत्थानाविषयीची इतरांची साक्ष. साक्ष प्रामाणिक असू शकेल. पण कालामांना जो उपदेश झाला, त्यानुसार परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून स्वीकार होऊ शकत नाही. राग-द्वेष-मोह क्षीण होतात की नाही, हे मात्र ज्याचे त्याला या देहीच पाहता येते. 'एहिपस्सिको' या विशेषणाचा मथितार्थ हाच.

याच ठिकाणी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केलेला भेद आठवावा. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले आणि तसे मानणे ही मुक्तीची अट ठरली. बुद्धाने स्वतःच्या धम्मात स्वतःला असे स्थान दिले नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. हा भेद केवळ नम्रतेचा नाही. ज्या धर्मात मुक्ती एका व्यक्तीच्या स्वीकारावर अवलंबून असते, तेथे न स्वीकारणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अटळ होतो.

तोच आमचा तिसरा आक्षेप. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी जे विशेषण नीतिमानांच्या जीवनाला लावले आहे, तेच 'आयोनिओस' हे विशेषण दुष्टांच्या शिक्षेलाही लावले आहे. आता, जीवन अंतहीन मानावयाचे तर शिक्षाही अंतहीन मानावी लागते. शिक्षेला अंत आहे म्हणावे तर जीवनाच्या अंतहीनतेचा त्या शब्दातील आधार डळमळतो. साठ-सत्तर वर्षांच्या मर्यादित कृत्यांसाठी अमर्याद शिक्षा, ही न्यायाची कल्पना असू शकत नाही. ख्रिस्ती विचारवंतांतही तिसऱ्या शतकातील ओरिगेनपासून आजवर अनेकांनी या शिकवणुकीविषयी अस्वस्थता व्यक्त केली आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. बौद्ध ग्रंथांतही निरयाची भयंकर वर्णने आहेत, पण तेथील कोणतीही अवस्था अंतहीन नाही. अनित्यतेचा नियम जसा ब्रह्मलोकाला, तसाच निरयालाही लागू आहे.

चौथा आक्षेप सामाजिक आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. न्यायाच्या भुकेतून जन्मलेली ही आशा न्याय पुढे ढकलण्याचे साधन होऊ शकते. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीविषयी जे लेखन केले आणि जे १९८९ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले, त्यात या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. मनुष्याच्या पतनाचे कारण आदिपाप आहे असे शिकविल्यामुळे, आपली दैना समाजरचनेमुळे झाली आहे ही जाणीव ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या ठायी मंदावते, असे त्यांचे निरीक्षण होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाल्यानंतर ख्रिस्ती धर्माचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. १९३८ च्या आरंभी सोलापूर येथे ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना त्यांनी येशूविषयी आदर व्यक्त केला. पण दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत विचारणाही केली. तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींचे दफनस्थानही वेगळे ठेवण्यात आले. 'सेमेटरी' या शब्दाचे मूळ असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. पुनरुत्थानाची वाट पाहत निजलेल्यांमध्येही जातीची भिंत! बंधुप्रेम हीच सार्वकालिक जीवनाची खूण, असे ज्या ग्रंथात लिहिले आहे, त्या ग्रंथाच्या कसोटीवरच ही भिंत पापरूप ठरते. त्यासाठी बौद्ध प्रमाणाची आवश्यकताच नाही.

आपल्या घरातील शाश्वतवाद

येथे थांबलो तर हा लेख वाचकांना सुखावणारा होईल, पण तो अर्धवट राहील. परमताची चिकित्सा करणाऱ्याने तीच मोजपट्टी स्वतःच्या घराला लावली पाहिजे.

आपल्या पत्रिकांवर मृत व्यक्तीच्या नावाआधी 'कालकथित' हा शब्द छापला जातो. पालीतील शब्द 'कालकत' किंवा 'कालङ्कत' असा आहे. 'कालं करोति' म्हणजे काळ करणे, मरण पावणे. या शब्दात कोणी कोठे गेल्याची सूचना नाही, म्हणूनच तो निवडला गेला असावा. परंतु त्याच पत्रिकेच्या तळाशी 'मृतात्म्यास चिरशांती लाभो' असे छापलेले आम्ही पाहिले आहे. एकाच कागदावर वरच्या ओळीत धम्म आणि खालच्या ओळीत शाश्वतवाद! महापुरुषांच्या नावे 'अमर रहे' अशी घोषणा देताना आपण काय म्हणतो, याचाही विचार व्हावा. आणि ज्यांचे दफनस्थान विभागले गेले त्यांच्यासाठी हळहळताना, आपल्याकडे विवाह जुळविताना पोटजात विचारली जाते की नाही, हेही प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

पूर्वकर्माचा सिद्धान्तही असाच दुधारी आहे. ख्रिस्ती मनुष्याला आदिपाप सांगून जसे निमूट बसविता येते, तसे 'तुझ्या मागील जन्मीचे फळ' असे सांगून बौद्धालाही बसविता येते. बाबासाहेबांनी हा धोका ओळखूनच कर्मसिद्धान्ताचा अर्थ वर्तमान जीवनाच्या आणि नैतिक व्यवस्थेच्या संदर्भात लावला, आणि आत्म्याविना पुनर्जन्म कसा, हा प्रश्न टाळला नाही. त्यांच्या या अर्थाविषयी पाली अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण तो अर्थ कोणत्या दुःखातून निघाला, हे विसरून केलेली चर्चा निष्फळ ठरेल.

हा शाश्वतवाद आपल्या घरात का शिरतो? अज्ञानाने, हे एक उत्तर झाले. पण ते पुरेसे नाही. तो दुःखाने शिरतो. मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात अशा मनुष्याचे वर्णन आहे की, जो तथागतांचा उपदेश ऐकून घाबरतो. आपण नष्ट होणार, आपण उरणार नाही, असे वाटून ऊर बडवून रडतो. भगवंतांनी त्याची थट्टा केलेली नाही. भवतृष्णा ही तृष्णा आहे, पण ती माणसाची आहे. ज्या आईचे मूल गेले, तिला शाश्वतवादाचे खंडन ऐकविणे हा धम्म नव्हे. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराच्या मृत्यूने व्याकुळ झालेल्या मार्थेला भाऊ परत मिळतो. अट्ठकथेत मृत बालक कडेवर घेऊन फिरणाऱ्या किसागोतमीला मोहरीचे दाणे आणावयास पाठविले जाते. किसागोतमीला मूल परत मिळत नाही. मिळते ते एवढेच की, गावातले एकही घर तिच्या दुःखाबाहेर नाही, हे ज्ञान. आमच्या मते हे अधिक खरे सांत्वन आहे, कारण लाजरही पुढे केव्हातरी मरणारच होता. पण एक गोष्ट विसरता कामा नये : हे सत्य तिला उंबरठ्या-उंबरठ्यावर जाऊन स्वतः मिळवू दिले गेले, ते तिच्यावर लादले गेले नाही.

त्रिरश्मी लेण्यातील 'अक्षय'

मग अनात्म मानणाऱ्याने मागे काय उरावे अशी इच्छा धरावी? याचे एक उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात कोरलेले आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. या लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने तीन हजार कार्षापणांची ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधी परत द्यावयाचे नाही, केवळ व्याज उपयोगात आणावयाचे. दोन हजारांचे वार्षिक व्याज दोनशे चाळीस होते. वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा याप्रमाणे त्याचा विनियोग सांगितला आहे. या ठेवीला लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे.

'अक्षय' हा शब्द येथे कोणत्या गोष्टीला लावला आहे, ते पाहण्यासारखे आहे. तो दात्याला लावलेला नाही, त्याच्या आत्म्याला लावलेला नाही. इतरांच्या उपयोगी पडणाऱ्या दानाला लावलेला आहे. आणि तरीही ती नीवी अक्षय राहिली नाही. त्या श्रेणी गेल्या, ते कार्षापण गेले, वर्षावासाचे ते भिक्खूही गेले. सब्ब संखार अनित्य आहेत, याची साक्ष तो शिलालेखच देतो. परंतु जोवर ती ठेव चालली, तोवर दरवर्षी वीस माणसांच्या अंगावर वस्त्र आले. दात्याला सार्वकालिक जीवन मिळाले की नाही, या प्रश्नावाचून त्यात काही उणे पडले नाही.

आपले ख्रिस्ती आप्त आपल्या मृतांना देवाच्या स्वाधीन करतात, तेव्हा त्यांच्या पाठीशी न्यायाची एक फार जुनी आशा उभी असते. तिचा आपण अनादर करू नये. आपण मात्र ती आशा परलोकाच्या स्वाधीन करू शकत नाही. ज्या न्यायासाठी दानीएलचा ग्रंथ मृतांच्या उठण्याची वाट पाहतो, त्याच न्यायासाठी २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिरासमोर जिवंत माणसे उभी राहिली. अन्यायाचा हिशेब जिवंतपणीच मांडावयाचा आहे, आणि तो मांडणाऱ्याने मनातील राग-द्वेष-मोहांचा हिशेबही त्याच वहीत लिहावयाचा आहे. पुढच्या वेळी एखाद्या आप्ताच्या दफनविधीस उभे राहण्याचा प्रसंग आला आणि 'सार्वकालिक जीवन' हे शब्द कानी पडले, तर वाचकांनी ते आदराने ऐकावेत. आणि घरी परतल्यावर आपल्या पत्रिकेच्या तळाची ती ओळ खोडून टाकावी.